भांडण मुलचेऱ्यात, सोयरीक मुंबईत

मुलचेऱ्याहून हैदराबाद जवळ, रायपूर जवळ. मुंबई मात्र हजार किलोमीटरच्या पल्ल्यावर. तरी आमच्या घरात सर्वात जास्त बोललं गेलेलं शहर मुंबईच. तिथं आमचं कुणी राहत नव्हतं, बराच काळ कुणी तिथं गेलंही नव्हतं. पण दर काही वर्षांनी आमच्या घरातली मतं तिथं जायची आणि तिथून काय होऊन परत येतात याची वाट बघत सगळं घर रेडिओभोवती बसायचं.

आम्ही म्हणजे मोठे बाबा आणि बाबा या दोन भावांची लेकरं. चुलत हा शब्द घरात कुणी वापरायचं नाही. दादा मोठ्या बाबांचा, भाऊ आमचा, आणि मी व ताई दोन्हीकडच्या. घर एक, चूल एक, धानाची ढोलीही एकच. मोठे बाबा शेती बघायचे, बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आजोबा दोघांच्या मध्ये, ओसरीवर. आज आम्ही भावंडं पन्नाशी-साठीच्या घरात आहोत. दिवाळीला एकत्र जमलो की गप्पा लग्नांवरून, मरणांवरून, वाघाच्या बातम्यांवरून फिरत फिरत निवडणुकीवर येतात. कारण घरातली कोणतीही गोष्ट कोणत्या सालची, हे आम्हाला निवडणुकीवरूनच आठवतं. ताईचं लग्न ‘युतीच्या वर्षी’ झालं. भाऊ नोकरीला लागला तो ‘राष्ट्रवादी निघाली त्याच्या आदल्या साली’.

प्रचार आमच्याकडे चार भाषांत यायचा. जीपवरचा भोंगा आमच्या गल्लीत मराठी बोलायचा, पुढच्या टोल्यावर गोंडी, अहेरी-सिरोंच्याकडून आलेला माणूस असेल तर मध्येच तेलुगू, आणि सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्रामकडे वळला की बांग्ला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने या जंगलपट्ट्यात जमिनी देऊन वसवलं, तेव्हापासून मुलचेऱ्याच्या आसपास दुर्गापूजा आणि दसरा शेजारी शेजारी होतात. जीपमागे पळणाऱ्या पोरांत सगळ्या भाषांची पोरं असायची. कोणता पक्ष काय म्हणतो याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. टिनाचे बिल्ले आणि कागदी झेंडे जो जास्त फेकेल तो उमेदवार चांगला. ताईने एकदा एकाच झग्याला तीन पक्षांचे बिल्ले लावले होते. आजोबा बघून म्हणाले, “ही पोरगी मुख्यमंत्री होते बघा.”

मतदानाच्या आदल्या दिवशी ‘पार्टी’ यायची. पार्टी म्हणजे पक्ष नव्हे, मतपेट्या घेऊन येणारी मंडळी. केंद्राध्यक्ष, दोन-तीन कर्मचारी, एक पोलीस. त्यांचा मुक्काम शाळेत. कोतवाल घरोघरी फिरून कुणाकडून सतरंजी, कुणाकडून घागर, कुणाकडून कंदील आणायचा. आमच्या घरून भात आणि वरण जायचं, बंगाली पाड्यातून मासोळी. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे धुतलेले कपडे घालून निघायचे. शिक्का मारायचा, कागदाची घडी घालायची, पेटीत सारायची. बायका वेगळ्या रांगेत. बोटावरची शाई आजी किती तरी दिवस जपायची. त्या हाताने भांडी घासताना कुरकुरायची.

मग मोजणी. आज दुपारपर्यंत सगळं कळतं. तेव्हा पेट्या उघडायच्या, कागद मिसळायचे, गठ्ठे बांधायचे, असं दोन-दोन दिवस चालायचं. बाबा आदल्या दिवसापासून रेडिओतल्या बॅटऱ्या काढून उन्हात ठेवायचे. आकाशवाणी नागपूरवर प्रादेशिक बातम्या लागल्या की कुणी खोकायचं नाही. बातमी आली की बाबा शाळेच्या जुन्या हजेरीवहीच्या मागच्या पानांवर आकडे उतरवून घ्यायचे. कुणाच्या किती, आणि शेवटी कोण कुणाबरोबर बसलं. ती वही अजून घरात आहे. आम्हा भावंडांचं राज्यशास्त्र त्या वहीतून झालं.

वहीतलं पहिलं पान १९७८ चं आहे. घरातलं सर्वात मोठं भांडणही त्याच सालचं.

आणीबाणी उठून वर्ष झालं नव्हतं. लोकसभेला चंद्रपुरातून अहेरीचे राजे विश्वेश्वरराव निवडून गेले होते, आणि आजोबांच्या लेखी राजकारण तिथंच संपलं होतं. राजा दिल्लीत गेला, आता काय उरलं? पण १९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली. एक इंदिराबाईंची, दुसरी रेड्डींची, ज्यात यशवंतराव चव्हाण, वसंतदादा अशी महाराष्ट्रातली मोठी माणसं होती. इंदिराबाईंच्या काँग्रेसला नवीकोरी निशाणी मिळाली, हाताचा पंजा. फेब्रुवारीअखेर विधानसभेचं मतदान होतं, म्हणजे निशाणी लोकांच्या डोळ्यांखालून घालायला जेमतेम काही आठवडे.

मोठे बाबा पंज्याचे. “बाईनं गरिबाले उभं केलं,” एवढं एक वाक्य त्यांना पुरायचं. बाबा यशवंतरावांचे. मास्तर माणूस, यशवंतरावांची भाषणं वर्तमानपत्रातून कापून ठेवणारा. आधी जेवताना वाद व्हायचा, मग जेवण सोडून व्हायला लागला. एका संध्याकाळी मोठे बाबा म्हणाले, “मास्तरकी करून तुले लोकांची नाडी समजत नाही.” बाबा म्हणाले, “अन् तुमाले देशाची.” झालं. दोघं भाऊ बोलेनासे झाले. बांधीवर जाताना एक आधी निघायचा, दुसरा मागून. काही सांगायचं असलं तर आम्हा पोरांच्या तोंडी निरोप. “तुझ्या बाबाले सांग, बोडीचं पाणी सोडलं.” बाबा तीन हातांवर बसलेले असायचे. आम्ही तरी निरोप द्यायचो, कारण दिल्याशिवाय त्यांना तो ऐकू येत नसे.

निकाल लागला. बाबांच्या वहीत लिहिलं आहे: जनता ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. बहुमत कुणालाच नाही. विदर्भात पंजा जोरात चालला होता, त्यामुळे मोठे बाबा ताठ. राज्यात दुसरी काँग्रेस सात जागांनी पुढं होती, त्यामुळे बाबाही ताठ. आणि मार्चमध्ये, मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जायचे दिवस सुरू असताना, रेडिओने सांगितलं की दोन्ही काँग्रेस मिळून सरकार करणार. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, आणि पंज्याचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि तोही आपल्या भंडाऱ्याचा माणूस.

आजी म्हणाली, “त्यांचं जमलं. आता तुमी बी जमवा.”

जमलं नाही. ज्याच्यासाठी भावाशी बोलणं सोडलं तो पक्ष भावाच्या पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसलेला, आणि त्यावर बोलायचं कुणाशी? दोघांनाही आतून फसल्यासारखं झालं होतं, पण ते कबूल करायलाही समोर भाऊच हवा होता. पाऊस आला, रोवणी सुरू झाली, तरी निरोप आमच्याच तोंडून. जुलैत बातमी आली की शरद पवार काही आमदार घेऊन बाहेर पडले, वसंतदादांचं सरकार गेलं, आणि सदतीस वर्षांचा हा माणूस जनता पक्षाला बरोबर घेऊन मुख्यमंत्री झाला. या जुळणीचं नाव पुलोद. आता दोन्ही भावांचा राग एकाच दिशेला वळला. पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना मोठ्या बाबांनी झूल एका बाजूने धरली आणि थेट बाबांकडे बघून म्हणाले, “तिकडून धर गा.” बाबांनी धरली. मुंबईत सरकार जुळलं तेव्हा घर तुटलेलं होतं, आणि घर जुळलं तेव्हा सरकार तुटून दीड महिना झाला होता.

आजोबांनी त्यावर जे म्हटलं ते आमच्या घरात म्हण होऊन राहिलं: “भांडण मुलचेऱ्यात, सोयरीक मुंबईत.” पोरं आपली, पण पाहुणे परस्पर तिकडं बघितले, मुहूर्तही तिकडंच धरला, आणि वऱ्हाडाला कळवायचंही कुणाला सुचलं नाही, असा त्यांचा हिशोब होता.

पुढं २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर तुटून गडचिरोली जिल्हा झाला. मुख्यमंत्री तेव्हा बाबासाहेब भोसले. पुढे मुलचेरा तालुका झाला, तहसील आली, साहेब आले, आणि ‘मुंबईचं सरकार’ थोडं जवळ आल्यासारखं वाटलं. पण आमची पिढी मतदानाच्या वयाला पोहोचली ती त्यानंतर, आणि मतदार म्हणून आमच्या आठवणीतली पहिली मोठी निवडणूक १९९५ ची.

मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांचा तो काळ. भिंती रंगवायच्या नाहीत, रात्री भोंगा वाजवायचा नाही. निवडणूक एकदम अळणी झाल्याची मोठ्या बाबांची तक्रार होती. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात त्याला कुणी बोलत नाही आणि उमेदवाराला मात्र वेळ बघून बोलावं लागतं, हे त्यांना पटत नव्हतं. निकालाच्या दिवशी आमच्या घरी अहेरीहून मामा आले होते. मामा नाग विदर्भ आंदोलन समितीचे. राजे विश्वेश्वररावांनी उभी केलेली ही समिती वेगळा विदर्भ मागायची. मामांना काँग्रेस आणि शिवसेना-भाजपची युती दोन्ही सारखेच परके होते, कारण दोघांचंही घर मुंबईला.

बाबांच्या वहीतलं ते पान सर्वात गिचमिड आहे. काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, जनता दल ११, शेकाप ६, आणि अपक्ष ४५! त्यातले बहुतेक काँग्रेसचेच रुसलेले. मामांच्या समितीची एक जागा. युतीची बेरीज १३८. बहुमताला १४५ लागतात.

“सात कमी,” भाऊ म्हणाला.

“मंग आमच्या एकाले भाव आहे,” मामा म्हणाले आणि सावरून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या एका जागेवर विदर्भ राज्य, अहेरी जिल्हा आणि तेंदूपत्त्याची मजुरी एवढं सगळं मागून झालं होतं. बाबांनी वहीतल्या ४५ या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि वही मामांकडे सरकवली. एवढे अपक्ष बाजारात असताना एकाला कोण विचारणार, हे सांगायला शब्द लागले नाहीत. मामांनी चहा अर्धा ठेवला.

१४ मार्चला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. काटोलचे अनिल देशमुख, इंदापूरचे हर्षवर्धन पाटील असे काही अपक्ष मंत्रिमंडळात गेले. मोठे बाबा चार दिवस बाहेर पडले नाहीत. पंजा हरू शकतो हे त्यांना माहीत होतं, पण पंज्यातूनच निघालेली माणसं दुसऱ्याचं सरकार उभं करतात, हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. पुढे एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागल्याचं ऐकू आलं. भात खाणाऱ्या मुलखातल्या आमच्या आजीने विचारलं, “भात किती रुपयाचा म्हणतात?”

मतं जाऊन सोयरिकी होतात हे आमच्या पिढीने असं घरबसल्या शिकून घेतलं. म्हणून १९९९ ला भाऊ आणि दादा जेव्हा भांडले तेव्हा ते फार टिकलं नाही. काँग्रेस अध्यक्षांच्या विदेशी जन्माच्या मुद्द्यावर पवार बाहेर पडून राष्ट्रवादी निघाली होती. दादा बापाप्रमाणे पंज्याचा, भाऊ घड्याळाचा. नेमकं तेच भांडण, एक पिढी खाली उतरलेलं. दादा म्हणायचा गद्दार, भाऊ म्हणायचा गुलाम. निकाल आला: काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, युती मिळून १२५. पुन्हा कुणालाच बहुमत नाही, आणि दसऱ्याच्या तोंडावर विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. दोन्ही काँग्रेस पुन्हा एका मांडवात. बाबांनी दोघांना बोलावून वहीतलं १९७८ चं पान उघडून दाखवलं. दसऱ्याला दादाने भावाच्या हातात सोनं दिलं. आमच्या वडिलांना पोळ्यापर्यंत लागलेला वेळ या दोघांना काही दिवसांचा लागला. आम्ही शहाणे झालो होतो, निदान तसं वाटत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्या जिल्ह्यात मत देणं हे कधीच निव्वळ आवडीनिवडीचं काम राहिलं नाही. १९८० नंतर जंगलात ‘दादा लोक’ आले. नक्षलवादी दर निवडणुकीला बहिष्काराची पत्रकं लावायचे. लहानपणी आजीला शाई जपताना बघणारे आम्ही मोठेपणी शाईचं बोट पदराखाली घ्यायला शिकलो. मतदान सकाळी सात ते दुपारी तीन एवढंच, म्हणजे पेट्या अंधाराआधी निघाव्यात. त्या तीनच्या आत बायकांना स्वयंपाक, गुरं आणि रांग सगळं उरकायचं असायचं, तरी रांगा लागायच्या. राज्यात टक्केवारीची चर्चा होते तेव्हा हे आठ तास कुणी धरत नाही, असं बाबा म्हणायचे.

भाऊ बाबांप्रमाणेच मास्तर झाला, आणि मास्तर म्हणजे निवडणुकीची ड्यूटी. २००९ ला मतदारसंघांची फेररचना होऊन आमचा मतदारसंघ अहेरी झाला. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा, असे पाच तालुके. भावाचा आदेश भामरागडकडचा निघाला. मतदान १३ ऑक्टोबरला होतं. ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी सतरा पोलिसांना मारलं. घरात चूल पेटली नाही असं म्हणता येणार नाही, पण कोण काय जेवलं ते कुणाला आठवत नाही. वहिनी म्हणाली, आजारी पडा. भाऊ म्हणाला, सगळेच आजारी पडले तर पेटी कोण नेणार? हेलिकॉप्टरने तळावर, तिथून पोलिसांच्या मागेपुढे चालत केंद्रावर, आणि परत. परतल्यावर त्याने एकच सांगितलं. एक म्हातारा आदिवासी माणूस नाला ओलांडून आला होता, मशीनचं बटण दाबल्यावर बराच वेळ उभा राहिला, आणि विचारलं, “पोचलं का?” त्याला मत म्हणायचं होतं. भाऊ केंद्राध्यक्ष म्हणून हो म्हणाला. त्या वर्षी अहेरीतून अपक्ष दीपक आत्राम निवडून आले आणि मुंबईत पुन्हा दोन्ही काँग्रेसच्या आघाडीचं सरकार आलं.

माझी शाळेतली बंगाली मैत्रीण सुंदरनगरची. तिचे वडील पुढाऱ्यांना कधीच विचारत नसत की तुम्ही कुणाबरोबर बसणार. त्यांचा प्रश्न ठरलेला होता: जमिनीचा पट्टा आमच्या पूर्ण मालकीचा कधी करता, आणि जातीचा दाखला कधी देता? नमोशूद्र पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्यामुळे त्यांच्या पोरांचं शिक्षण आणि नोकरी मध्येच अडकायची. १९९५ ला युतीच्या माणसाने हो म्हटलं, १९९९ ला आघाडीच्या माणसाने हो म्हटलं. काका दोघांनाही मिष्टी खायला घालायचे. मला वाटतं, आघाड्यांचा खरा हिशोब आमच्या परिसरात त्यांनीच ठेवला. आमच्या घरात आम्ही कोण कुणाबरोबर बसलं ते लिहीत राहिलो, आणि त्यांनी बसून झाल्यावर काय केलं ते मोजलं.

२०१४ ला राजे अम्ब्रीशराव कमळावर निवडून आले, राज्यमंत्री झाले. आजोबा असते तर म्हणाले असते, राजा मंत्री झाला, आता काय उरलं? पण उरलं होतंच. २०१९ ला त्यांचे काका धर्मरावबाबा आत्राम घड्याळावर उभे राहिले आणि जिंकले. आणि त्या एका मताने आमच्या घरात जे काही घडवलं त्याला तोड नाही.

भावाने घड्याळाला मत दिलं होतं, वहिनीने कमळाला. दोघांनी एकमेकांना सांगितलं होतं, हसून. राज्यात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती जिंकून मोडली. २३ नोव्हेंबरला सकाळी टीव्ही लावला तर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि घड्याळाचे अजित पवार उपमुख्यमंत्री. वहिनी म्हणाली, “या, बसा.” तीन दिवसांत ते संपलं आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे. आता भावाचं मत सेना आणि काँग्रेसबरोबर सत्तेत, वहिनीचं विरोधात. जून २०२२ ला शिंदे सेना फोडून भाजपबरोबर गेले. भावाचं मत विरोधात, वहिनीचं सत्तेत. २ जुलै २०२३ ला अजित पवार शिंदे-फडणवीसांच्या सरकारात गेले, आणि त्यांच्याबरोबर शपथ घेणाऱ्यांत आमचे आमदार धर्मरावबाबाही होते. भावाचं मत हिंडून-फिरून वहिनीच्या मताशेजारी येऊन बसलं. एकदाच बटण दाबलं होतं बिचाऱ्याने. बाबांनी वहीत लिहायला घेतलं, अर्ध्यात पेन खाली ठेवला आणि म्हणाले, “पान पुरत नाही.”

यावर घरात भांडण झालं नाही. दादाने व्हॉट्सॲपवर एक विनोद पाठवला, भावाने अंगठा दाखवला. मला तेव्हाच काही तरी खटकलं होतं. १९७८ ला दोन भावांनी सहा महिने बोलणं टाकलं ते वेडेपण होतं खरं. पण ते वेडेपण करायला आधी आपण दिलेला शब्द आपला वाटावा लागतो. आम्ही शिकून शहाणे झालो, आणि त्या शहाणपणात मत हलकं होत गेलं. ज्याची सोयरीक कुठेही जुळू शकते त्याच्यासाठी कोण भावाशी वैर घेणार? आमच्यापेक्षा आमची पोरं पुढे गेली. ती मत देतात, फोटो टाकतात आणि निकालाच्या दिवशी क्रिकेट बघतात.

आणि मग २०२४ आलं, तेव्हा सगळं उलटंच झालं. आमची घरं शांत, आणि राजवाडा फुटलेला. धर्मरावबाबा अजित पवारांच्या घड्याळावर. त्यांच्या कन्या भाग्यश्री आत्राम-हलगेकर सप्टेंबरमध्ये शरद पवारांच्या पक्षात जाऊन वडिलांविरुद्ध उभ्या. पुतणे अम्ब्रीशराव अपक्ष. वडिलांनी भर सभेत लेक-जावयाला प्राणहितेत फेकून द्यायची भाषा केली, ते सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. अहेरीच्या दसऱ्याला ज्या घराण्याकडे सगळा मुलूख नजर लावून असतो, त्या घराण्यातली तीन माणसं आमच्या एकाच मशीनवर. लोक भोंग्यामागे पळत नव्हते, चहाच्या टपरीवर बसून तिन्ही बाजू ऐकत होते. आम्हाला आजोबा आठवले. राजाला मत द्यायचं म्हटलं तरी यंदा कोणत्या, असं त्यांना विचारावं लागलं असतं.

२३ नोव्हेंबरला मोजणी. धान कापून पुंजणे लागले होते, दिवाळीला आलेले काही जण अजून थांबलेले. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा ऐंशीच्या पुढे, आई आणि मोठी आई दोघी आहेत, आणि दोघी एका वेळी बोलल्या तरच बाबांना ऐकू येतं. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. धर्मरावबाबा जिंकले, पुतणे दुसरे, लेक तिसऱ्या क्रमांकावर. राज्यात भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवार ४१. या वेळी सोयरीक आधीच ठरलेली होती, त्यामुळे वहीत लिहायला बाबांना एक ओळ पुरली. वहिनी म्हणाली लाडक्या बहिणींनी आणलं, दादा म्हणाला पैशाने आणलं, आणि तेवढ्यावर विषय मिटत आला होता.

दादाची नात पहिल्यांदा मत देऊन आली होती. तिला १९७८ ची गोष्ट पाठ होती, आम्ही इतक्यांदा सांगितलेली. ती आईला म्हणाली, “आजी, बाप्यांचं समजलं. एकाचा पंजा, दुसऱ्याची ती दुसरी काँग्रेस. तुम्ही दोघींनी कोणाले देल्लं होतं?”

आम्ही कुणी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मोठी आई मोठ्या बाबांच्या मागून जायची, आई बाबांच्या मागून, म्हणजे मतंही मागूनच गेली असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं. आई मोठ्या आईकडे बघून हसली. मोठी आई म्हणाली, “सांगून टाक आता. कोण मारते.”

“आमी दोघीनं बांधीवरच ठरवलं होतं,” आई म्हणाली. “आणीबाणीत नसबंदीसाठी गावोगाव जीप फिरे. माणसं रात्री जंगलात लपून झोपत. तवा यांची काँग्रेस एकच होती. मंग फुटली म्हून काय झालं? दोन्हीले द्यायचं नाही. तिसरी निशाणी पाहिली अन् शिक्का मारला. तिनं बी, मी बी.”

भावाने टीव्हीचा आवाज बंद केला. बाबा सरळ होऊन बसले. “पण मी तुले समजावून सांगितलं होतं, यशवंतराव...”

“समजलं होतं ना. चांगला माणूस होता. पण मंत्री होता का नाही तवा?”

बाबा खरोखर चिडले. हे आधी का सांगितलं नाही, शेहेचाळीस वर्षं मी वहीत काय लिहीत बसलो, घरातलीच मतं मला माहीत नव्हती. दादा म्हणाला, म्हणजे माझ्या बाबांचं भांडण फुकटच. भाऊ म्हणाला, फुकट कसं, दोन विरुद्ध दोन होतं. नात म्हणाली, घरातली पहिली युती तर या दोघींची. वहिनीने मध्येच नसबंदीचं बरोबर होतं की नाही ते काढलं, दादाला पंज्याचा अभिमान आठवला, आणि सगळे एकदम बोलायला लागले. व्हरांड्यातून शेजारी डोकावून गेले. किती तरी वर्षांनी आमच्या घरात मतावरून खरंखुरं भांडण चाललं होतं.

बाबांचं एकच पालुपद होतं, “तवाच सांगायचं होतं.”

आई म्हणाली, “सांगितलं असतं त तुमी दोघं भाऊ त्याच दिवशी एक झाले असते. अन् आमच्याशी भांडले असते.”